सध्या एकटा

तांबोळी मॅडम मला शेवटपर्यंत ‘गराडे’ म्हणत. लग्न होऊन मी कान्हे गावात आले, जाधव झाले. रेशनकार्डावर, बँकेत, आमच्या भातगिरणीच्या पाटीवर, सगळीकडे जाधव लागलं, तरी त्यांच्या लेखी मी गराडेच. एकदा मी आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "वर्ग बदलायला पुरावा लागतो, गराडे. लग्न हा काही पुरावा नाही. तू होतीस तशीच दिसतेस मला."

मी पोत्याचं तोंड शिवत होते, ते शिवत राहिले.

मॅडम लोणावळ्याच्या. बाजारात भावाचं किराणा दुकान आणि दुकानावर घर. त्या घरातली मागची खोली मॅडमची. आम्ही बी.एस्सी.ला होतो तेव्हा त्या फिजिक्स शिकवत. अंगाने लहानखुऱ्या, साडी नेहमी सुती आणि गळ्यात दोन चष्मे. एक जवळचा, एक लांबचा, आणि दोन्ही एकाच दोरीला. त्यामुळे एक डोळ्यांवर असला की दुसरा हनुवटीखाली लोंबायचा. पोरं हसायची. मॅडम म्हणायच्या, "हसा, पण बघा. जवळचं बघायचं एक साधन, लांबचं बघायचं दुसरं. दोन्ही कामं एकाच डोळ्याने करायला गेलं की डोकं दुखतं."

पहिल्या प्रॅक्टिकलला आम्हाला वाटलं होतं, भिंगं, लोलक, काहीतरी चमकणारं हातात मिळेल. मॅडमनी पिशवीतून भावाच्या दुकानातलं झाडलेलं धान्य काढलं, प्रत्येकीपुढे मूठभर ओतलं आणि म्हणाल्या, "वर्ग लावा." कुणी रंगावरून ढीग केले, कुणी आकारावरून. मी घरी निवडण्याची कामं करून आलेली. पटापट मूग, मटकी, मसूर वेगळे केले आणि पहिला नंबर आल्यासारखी हात झटकून बसले. मॅडम आल्या. मसुराच्या ढिगातून त्यांनी काहीतरी चिमटीत धरलं.

"हे काय?"

"माहीत नाही, मॅडम."

"मग मसुरात का टाकलंस?"

"मसुरासारखं दिसतं."

"दिसतं ना? मग ‘माहीत नाही’ असा एक डबा कर. ज्याच्याकडे तो डबा नाही, तो माणूस कधी ना कधी खोटं बोलतो."

माझ्या गिरणीत आजही असा डबा आहे. कुठल्या यंत्रातून पडले ते कळत नाही, असे नटबोल्ट मी त्यात टाकते. चालू यंत्र अडलं की पहिला तो डबा उघडते. बऱ्याचदा उत्तर त्यातच असतं.

मॅडमचा खरा विषय तारे. पण त्या आकाशाकडे कधी बघायच्या नाहीत. लोणावळ्यात बघायला आकाश असतं कुठे? चार महिने पाऊस, त्यानंतर धुकं, आणि उरलेल्या दिवसांत रिसॉर्टांचे झगझगीत दिवे. शिवाय मॅडम नऊ वाजता झोपायच्या. कुणी विचारलं, "मॅडम, एकदा आम्हाला शनीची कडी दाखवा ना," तर त्या म्हणायच्या, "माझ्याकडे दुर्बीण नाही. दुर्बिणी दुसऱ्यांकडे आहेत. त्यांनी गोळा केलेला प्रकाश कुणीतरी निवडायला नको का?"

निवडणं हेच त्यांचं काम होतं. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून काढल्यासारखा पसरवला की त्याचा एक आलेख होतो. वरखाली जाणारी रेघ, मध्ये मध्ये खड्डे. अमुक जागी खड्डा म्हणजे हायड्रोजन, तमुक जागी म्हणजे हेलियम. खड्डे किती खोल, किती रुंद, यावरून ताऱ्याचा वर्ग ठरतो. मोठमोठ्या दुर्बिणींनी इतके आलेख जमवले होते की ते बघायला माणसं पुरत नव्हती. मॅडमचीच एक विद्यार्थिनी सुवर्णा, आंदर मावळातली, माझ्यापेक्षा बरीच लहान, पुढे शिकून खगोलशास्त्रज्ञ झाली आणि परदेशात एका वेधशाळेत लागली. निरनिराळ्या देशांतली माणसं मिळून एका विशिष्ट जातीच्या ताऱ्यांची यादी करत होती. मॅडम रिटायर झाल्यावर सुवर्णाने त्यांना त्या गटात घेतलं. मॅडमना त्याचे पैसे मिळत नसत. त्या ते काम नोकरीपेक्षा जास्त नियमाने करत.

माझे मिस्टर गेले, तेव्हा मॅडम लगेच आल्या नाहीत. दिवस वगैरे सगळं उरकल्यावर एका शनिवारी लोणावळ्याहून लोकलने कान्ह्याला उतरल्या आणि चालत गिरणीवर आल्या. गिरणी बंद होती. मी ऑफिसात बसले होते. त्या समोर बसल्या. ‘वाईट झालं’ नाही, ‘धीर धर’ नाही. म्हणाल्या, "गिरणी कधी सुरू करतेस?"

"सोमवारी म्हणतेय."

"कर. मी दर शनिवारी इथे येऊन बसत जाईन म्हणते. शनिवार-रविवार लोणावळ्यात जगणं अशक्य झालंय. परवा एकाने आमच्या दाराला टेकवून गाडी लावली आणि आत झोप काढली. भाऊ दुकानात अडकून पडला. मला तुझ्या ऑफिसात एक टेबल दे."

मी टेबल दिलं. लोणावळ्यातल्या पर्यटकांचा त्रास त्यांना त्याआधीही कित्येक वर्षं होतच होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लक्षात आल्यावर मी तसं बोलून दाखवलं नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं.

भातगिरणी ही काही शांत बसायची जागा नव्हे. यंत्र सुरू झालं की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि कोंड्याची धूळ सगळ्यावर बसते. मॅडमनी लॅपटॉपच्या बटणांवर वहीचं प्लास्टिक चिकटवलं आणि कामाला लागल्या. मी विचारलं, "एवढ्या आवाजात जमतं का?" तर म्हणाल्या, "उत्तम. इथे कुणी माझ्याशी बोललं तरी मला कळत नाही."

बोलायचं ते वीज गेल्यावर. आमच्याकडे वीज जायची कमी नाही. यंत्र थांबलं की आमच्या सासूबाई चहा घेऊन यायच्या आणि मॅडमच्या समोर ठाण मांडायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"मास्तरीणबाई, येकट्याच ऱ्हाता व्हय?"

"भाऊ-भावजय आहेत पुढच्या खोल्यांत."

"तसं न्हाई. येकट्याच?"

"सध्या," मॅडम म्हणाल्या.

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. मॅडमचे सगळे केस पांढरे. "सध्या म्हंजी? आजून इचार हाय का काय?"

"विचार नाही, मावशी. पण पुढे काय होईल, याचा पुरावा माझ्याकडे नाही. मग कायमची एकटी असं कसं सांगू?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या शनिवारी मात्र त्यांचं हसू गेलं. त्या शेजारणीला माझ्याबद्दल सांगत होत्या, की येकटी पडली पोर. मॅडमनी लॅपटॉपवरून मान न उचलता दुरुस्ती केली, "सध्या एकटी." त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "आगं, ही बाई तुजं दुसरं लगीन लावतीय का काय? सांग तिला, आमच्यात न्हाई चालत." मग थोडा वेळ भाकरी थापली, आणि हळूच म्हणाल्या, "बगितलाय का कुनी तिनं?"

‘सध्या’ हा शब्द त्यांनी ताऱ्यांमधून आणला होता, हे मला पुढे कळलं. एकदा मी विचारलं, की मॅडम, तुम्ही नेमके कुठले तारे निवडता? त्यांनी यंत्रात भात ओतायच्या हॉपरमधून एक दाणा उचलला आणि नखाने सोलला.

"सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो. हे त्याचं भरलेलं भात. आता काही ताऱ्यांच्या बाबतीत काय होतं, की वरचं हायड्रोजनचं आवरण जवळजवळ सगळं निघून जातं." त्यांनी तूस फुंकरून उडवलं. "राहतो तो हा गाभा. सूर्याच्या साधारण निम्म्या वजनाचा, आकाराने लहान, पण भयंकर तापलेला, निळा. आत हेलियम जळत असतो. हेलियम संपला की दुसऱ्या ताऱ्यांसारखा हा परत फुगत नाही. तसाच आक्रसतो, श्वेतबटू होतो आणि निवत जातो. म्हातारपण आणि शेवट यांच्यामधली एक आडवाट आहे ती. सगळे तारे त्या वाटेने जात नाहीत."

मी गिरणीवाली. मला दुसराच प्रश्न पडला. "पण मॅडम, तूस काढतं कोण? भात काही आपलं आपण सोललं जात नाही."

मॅडमनी चष्मा बदलून माझ्याकडे पाहिलं. आनंद झाला की त्या चष्मा बदलत. "जोडीदार काढतो. जवळ दुसरा तारा असतो. हा फुगला, की तो ह्याच्या अंगावरचं ओढून घेतो. म्हणून असा सोललेला तारा दिसला की मी आधी जोडीदार शोधते. नाही दिसला, तरी एकटा म्हणत नाही. तो अंधुक असेल, लपला असेल. मी शेऱ्यात लिहिते, ‘सध्या एकटा’."

हा शेरा मॅडम गटाच्या यादीतही इंग्रजी अक्षरांत तसाच ‘सध्या’ लिहायच्या. गटातल्या लोकांनी आधी विचारलं, हा काय प्रकार आहे. मग त्यांनाच तो सोयीचा वाटला. एका शनिवारी लॅपटॉपवर कुणी गोरा माणूस गंभीरपणे ‘सद्या, सद्या’ म्हणताना मी स्वतः ऐकला आहे.

ताऱ्यांचे नंबर लांबलचक असत, ते तोंडात बसत नसत. म्हणून मॅडमनी आपल्या सोयीसाठी त्यांना मावळातल्या गावांची नावं दिली होती. परंदवडी, टाकवे, कुसगाव, नाणे. "टाकव्याला आज जोडीदार सापडला," त्या एकदा म्हणाल्या, तर आमचा हमाल पोतं खांद्यावर घेऊनच थांबला. "टाकव्याला कुनाचं जमलं, बाई?" एका ताऱ्याचा आलेख त्यांनी पहिल्यांदा आमच्या गिरणीत बसून पाहिला. त्याचं नाव कान्हे. त्यात हेलियमचे खड्डे खोल होते आणि त्यांना तो पहिल्यापासून आवडला. गिरणीतली माणसंही शनिवारी विचारू लागली, "बाई, आपला कान्हे काय म्हनतो?"

या ताऱ्यांना मराठीत उष्ण उपबटू म्हणावं लागेल, असं मॅडम सांगत. आणि हा शब्द त्यांना मुळीच पसंत नव्हता. "बटू म्हणजे मुंजीतला मुलगा. मग उपबटू कोण? त्याचा धाकटा भाऊ?" आमच्याकडे येऊन येऊन त्यांना नवा शब्द सापडला होता. तूस आणि कोंडा काढलेला तांदूळ तो सडीक तांदूळ. तसे हे सडीक तारे. मी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, हा शब्द नको. शहरातल्या माणसाला सडीक आणि सडकं यातला फरक कळत नाही."

"शहरातला माणूस भात खातो ना?"

"खातो. पिशवीतला."

त्यांनी ऐकलं नाही. वडगावच्या एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. त्यांनी सेक्रेटरींना फोनवर विषय सांगितला, तोही आमच्या गिरणीतून, यंत्र चालू असताना. दोनदा ओरडून सांगितला. आम्ही वडगावला पोचलो तर दारावर फलक : ‘सडके तारे. व्याख्यात्या : प्रा. सौ. शमीम तांबोळी’.

मी म्हटलं, "बघा." मॅडमनी लांबचा चष्मा लावून फलक नीट वाचला. सेक्रेटरी बिचारे हात जोडून उभे. मॅडम आत गेल्या आणि सुरुवात अशी केली, "फलकावर दोन चुका आहेत. तारे सडके नाहीत, सडीक आहेत. आणि मी ‘सौ.’ नाही. सध्या."

सभा तिथेच त्यांच्या खिशात आली. पुढे तासभर त्यांनी भात, तूस आणि कोंड्यावरून तारा कसा म्हातारा होतो, ते सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतले एक आबा उठले. "बाई, समदं पटलं. पन त्या ताऱ्याचा कोंडा जातो कुटं?"

"काही जोडीदार खातो, आबा. बाकीचा अंतराळात उडून जातो."

"म्हंजी गिरनीवाल्यावानीच की," आबा म्हणाले, आणि सगळी सभा माझ्याकडे वळून हसली. परत येताना रिक्षात मॅडम त्या वाक्यावर पुन्हा पुन्हा हसत होत्या. मी हसले नाही. कोंडा आम्ही गिऱ्हाइकाला परत देतो.

मग कान्ह्याचं भांडण सुरू झालं.

यादी पूर्ण होत आली होती. आता वर्ग लावायला कंप्युटरचा प्रोग्रॅमही आला होता. मॅडमची त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. "तो दमत नाही. मी दमते," एवढंच त्या म्हणायच्या. गटाने ठरवलं, की ज्यांचा जोडीदार सापडलेला नाही, त्यांच्यापुढचं ‘सध्या’ आता काढून टाकायचं. मॅडमनी एकेका ताऱ्याचं ‘सध्या’ काढायला संमती दिली. कान्ह्यापाशी अडल्या. एवढ्या तापलेल्या निळ्या ताऱ्यात जेवढा तांबडा प्रकाश असावा, त्यापेक्षा किंचित जास्त दिसतो, म्हणजे मागे कुणीतरी थंड, तांबडा जोडीदार लपलाय, असं त्यांचं म्हणणं. प्रोग्रॅमचं म्हणणं, एकटा. गटप्रमुखांचंही म्हणणं, एकटा. शेवटचा शब्द नव्या निरीक्षणाचा, असं ठरलं, आणि तेवढ्यापुरती यादी थांबली.

मी म्हटलं, "मॅडम, आकाशात एवढे तारे. एका कान्ह्याने काय बिघडतं?"

त्या दिवशी त्या चिडल्या. "गराडे, त्या यादीत मी डोळ्यांनी निवडलेले किती तारे आहेत, माहितेय? मी इथे नसलेलं बघत असेन, तर बाकीच्यांतही बघितलं असेल. मग माझं सगळं पोतं परत निवडायला लागेल. इतकी वर्षं काय केलं मी मग?"

पोतं परत निवडायला लागणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निरीक्षण सुवर्णाने करायचं होतं. तिने आपल्या वेधशाळेत खटपट करून वेळ मिळवला. जोडीदार असेल तर दोघं एकमेकांभोवती फिरणार. फिरताना तारा कधी आपल्याकडे येणार, कधी दूर जाणार, आणि त्याच्या आलेखातले खड्डे डावीकडे-उजवीकडे सरकणार. वेगवेगळ्या दिवशी आलेख घ्यायचे आणि खड्डे सरकतात का बघायचं. सुवर्णाचा फोन आला. खड्डे जागचे हलले नव्हते.

मॅडमनी चहाची बशी उचलून माझ्यापुढे धरली. आडवी, मग उभी. "हे दोघं बशीच्या कडेने फिरतायत असं समज. बशी तुझ्याकडे तोंड करून असेल तर ते तुझ्या जवळही येत नाहीत, लांबही जात नाहीत. नुसते गोल. मग खड्डे कसे सरकतील?"

स्पीकरवरून सुवर्णा म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलंय आम्हाला, एका ताऱ्याला किती सवलती द्यायच्या ते."

"मग आठवत असेल तुला. पुरावा येईपर्यंत."

सुवर्णा म्हणाली, "बरं. आणखी बारीक फोटो घेता येतो का बघते. वेळ लागेल."

वेळ लागला. त्या काळात मॅडम वाळत चालल्या होत्या. स्टेशनपासून गिरणीपर्यंतच्या वाटेत दोनदा थांबायच्या. मी डॉक्टरांचं विचारलं की सांगायच्या, "दाखवलंय," आणि पुढे काही नाही. सासूबाई मात्र कान्ह्याच्या बाबतीत पूर्ण गुंतल्या होत्या. दर शनिवारी चहाबरोबर चौकशी. "जमतंय का सोयरीक?"

"बोलणी चालू आहेत, मावशी."

"लांबवू नगा म्हनावं. लांबली की मोडती."

फोन आला त्या शनिवारी वीज गेलेली होती, म्हणून तो ऐकू आला. मॅडमनी स्पीकर लावला. सुवर्णाचा आवाज फार जपून येत होता. नव्या फोटोत दोन ठिपके सुटे दिसत होते. निळा कान्हे आणि त्याला अगदी लागून एक तांबडा. पण तो तांबडा फार मागे होता. दोघांची चालही वेगळी. आपल्याकडून बघताना नेमका एका रेषेत येतो, एवढंच. कान्ह्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"किती मागे?" मॅडमनी विचारलं.

"खूप, मॅडम."

"फोटो पाठव."

फोटो आला. मॅडमनी जवळचा चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वेळ विचारल्यावर सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "वेगळाच आहे. मी चुकले."

"पण मॅडम," सुवर्णा घाईघाईने म्हणाली, "वर्ग तुमचा बरोबर आहे. हेलियम तुम्ही पहिल्यांदा बघितलात. इतका हेलियम आणि जोडीदार नाही, म्हणजे हे मूळचे दोन तारे असणार. दोन विझलेले श्वेतबटू, एकमेकांभोवती फिरता फिरता जवळ येत गेले आणि एक झाले. त्यातून हा परत पेटला."

"ते मला माहितेय. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. यादीत तसं लिहिणार आहोत."

"लिहा. त्याच्या आधी ‘बहुधा’ घाला." मग जरा थांबून, "आणि सुवर्णा, माझे सगळे आलेख दुसऱ्या कुणाला तरी बघायला दे. पहिल्यापासून. मी काय लिहिलंय, ते त्याला दाखवायचं नाही."

"मॅडम, त्याची गरज नाही."

"गरज आहे की नाही, ते बघितल्यावर कळेल."

फोन ठेवून त्यांनी यादी उघडली. कान्ह्यापुढच्या शेऱ्यातला एकेक शब्द नव्हे, एकेक अक्षर खोडत त्यांनी ‘सध्या’ काढलं. ‘एकटा’ राहिलं. सासूबाई चहा घेऊन दारात उभ्याच होत्या.

"मोडली का वो?"

"मोडली नाही, मावशी. लग्न फार पूर्वीच झालेलं होतं. दोघांचं मिळून एकच झालंय, म्हणून दुसरं कुणी दिसत नाही."

सासूबाईंनी विचार केला. "मंग त्येला येकटा कसा म्हनायचा?"

मॅडम हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. "म्हणू नये खरं तर. पण रकान्यात तेवढीच जागा आहे."

त्यानंतर मॅडम गिरणीवर आल्या नाहीत; मी येते म्हटलं की फोनवर ‘बरी झाले की मीच येईन’ म्हणायच्या. दोन महिन्यांच्या आत त्या गेल्या. भावाचा फोन आला तेव्हा गिरणी चालू होती. मी ती बंद केली आणि लोणावळ्याला गेले. मॅडमच्या खोलीत लॅपटॉप होता, त्याच्या बटणांवर प्लास्टिक तसंच, आणि प्लास्टिकच्या कडेत आमचा कोंडा. पुढे सुवर्णाने मला कळवलं, की मॅडमचं सगळं पोतं पुन्हा निवडून झालं. दुसऱ्या माणसाने, मॅडमचं लिहिलेलं न बघता. स्वच्छ निघालं. एखादा दाणा इकडचा तिकडे, तेवढा कुणाचाही होतो. मॅडमना हे कळायला हवं होतं, असं सुवर्णाला राहून राहून वाटतं. मला विचाराल तर, निकाल काय लागेल याची भीती असती, तर त्यांनी पोतं सोडायला लावलंच नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच शनिवारी, ‘सध्या’ खोडल्यावर. संध्याकाळी त्या निघाल्या. मी पाच किलो इंद्रायणी तांदळाची पिशवी भरून ठेवली होती, त्यांना आवडायचा तसा, कोंडा न काढलेला. एरवी त्या पिशवी माझ्या हातात द्यायच्या नाहीत. त्या दिवशी न बोलता दिली. आम्ही सावकाश चालत स्टेशनवर आलो. लोकलला वेळ होता. बाकड्यावर एक बाई रिकामी पाटी पायाशी ठेवून बसली होती, भाजी विकून परत निघालेली. ती सरकली. मी मॅडमना तिच्या शेजारी बसवलं, मी दुसऱ्या बाजूला टेकले, पिशवी मांडीवर.

मॅडम दमल्या होत्या. पाटीवाल्या बाईने त्यांच्याकडे वाकून बघितलं. पांढरे केस, गळ्यात दोन चष्मे, हात मांडीवर रिकामे.

"कुटं जायाचं, मावशी?"

"लोणावळ्याला."

"येकट्याच का?"

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा उतरवला, दोरी चाचपून दुसरा लावला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आलेख बघायच्या तसं, नीट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मग त्या बाईला म्हणाल्या, "सध्या नाही."